मायाचा साफ डबा

धाड गावच्या बसस्टँडवर उतरून दयाराम कचोरीवाल्याची गाडी कुठं म्हणून कोणालेही इचारा, तो बोट दाखवून देईन. तो दयाराम मी. सकाळी तर्री-पोहे, दुपारपासून कचोरी, आलुबोंडा, मिरचीभजे. तोंड माझं फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवतो. गिऱ्हाईक माझ्या शिव्या खाते, वरून कचोरी खाते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. पण सध्या माझं तोंड बंद आहे. लोक इचारतात, काऊन बे दयाराम, दात दुखून राह्यला का? काय सांगू बापा! दात दुखत असता तं उपटून तरी टाकला असता.

माझी पोरगी महामाया, घरी आम्ही तिले माया म्हणतो, यंदा दहावीले आहे. गावातल्याच शाळेत जाते. जुलै महिन्यात प्रार्थनेच्या वेळी उभ्या-उभ्या चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणे, "हिच्या अंगात रक्तच नाही. दहावीचं वर्ष आहे, उद्या पेपर लिहिताना पडली तर काय कराल? गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांवर पोरगी उभी राहत नसते. दुपारी नीट जेवते का ही?"

माझी बायको जनका खाली मान घालून म्हणे, "डबा अर्धा वापस येते मॅडम."

मले असा राग आला की दवाखान्याची पायरी उतरेपर्यंतही दम निघाला नाही. "तू देतेस तरी काय वं तिले? जवारीची भाकर आणि मेथीची भाजी! दहावीची पोरगी ते खाईन? साऱ्या गावची पोरं माझ्या गाडीपुढं लाळ गाळत उभी राह्यतात, आणि माझीच पोरगी शाळेत उपाशी? उद्यापासून डबा मी भरीन."

"भरा ना बापा," जनका म्हणे. "तुमच्या हाताले तं सोनं लागलेलं आहे."

तिची जीभ माझ्या मिरचीभज्याहून तिखट आहे. पण मी मनावर घेतलं होतं. संध्याकाळी मायाले समोर बसवलं आणि म्हटलं, सांग, डबा काऊन खात नाहीस? मंग एकेक निघालं. मधली सुट्टी एवढीशी, त्यात हात धुवायले नळावर गर्दी. भाकर कडक होते, तोडायले दोन्ही हात लागतात. भाजीचं तेल गळून वहीवर येते. मेथीचा वास सुटते आणि बाजूच्या पोरी नाक दाबतात. "आणि बाबा, सगळ्यायसमोर काला करून खायले कसंतरी वाटते."

मी म्हटलं, बस, समजलं. अहो, गिऱ्हाइकाले काय पाहिजे ते ओळखणं हाच तं माझा धंदा! मोठ्या पोरांचा डबा म्हणजे कसा पाहिजे? एका हातानं खाता आला पाहिजे. गळला नाही पाहिजे, वास मारला नाही पाहिजे. चार पोरींत उघडला तं लाज वाटली नाही पाहिजे. आणि गार झाल्यावरही चांगला लागला पाहिजे, हे तं सगळ्यात अवघड.

मी पहाटे गाडीच्या तयारीआधी मायाच्या डब्याले लागायचो. ताज्या पोळीत उकडलेला आलू, बारीक कांदा, शेव, थोडा सॉस भरायचा आणि कागदात घट्ट गुंडाळून द्यायचं. रक्त वाढलं पाहिजे म्हणून आलुबोंड्याच्या सारणात बीट किसून टाकायचो, आतून लालभडक निघायचा. पालक वाटून त्याच्या पुऱ्या, पोह्याच्या चिवड्यात फुटाणे आणि शेंगदाणे, लिंबाची फोड वेगळी. गोड म्हणून गूळ-तिळाचा लाडू. जनका म्हणायची, "लग्नाले इतके वर्स झाले, मले कधी चहा करून नाही दिला!" पण कौतुकानं पाह्यची, हे मले दिसत होतं.

आणि माया खायची हो! ते पहिले दिवस तं मस्त गेले. शाळा सुटली की सरळ गाडीवर यायची आणि दुरूनच सांगायची, "बाबा, आजचा रोल एक नंबर!" तिच्या बोटांले बीटचा रंग लागलेला असायचा.

मंग एक दिवस म्हणे, "बाबा, पोरी मागत होत्या. मी थोडा-थोडा दिला सगळ्यायले."

तिथंच माझं डोकं फिरलं.

झालं असं होतं की शाळेच्या गेटसमोर एकानं नवीन गाडी लावली होती, मोमोज आणि नूडल्सची. शाळेची पोरं तिकडंच चिकटली. माझ्याकडं राह्यले एसटीचे म्हातारे आणि काळी-पिवळी जीपचे डायव्हर. मी मनात म्हटलं, दयाराम, पोरगी आयती वर्गात बसलेली आहे, याहून सोपी जाहिरात कोणती? दुसऱ्या दिवशी मोठा चार खणांचा डबा काढला, काठोकाठ भरला आणि मायाले म्हटलं, "आधी पोरींले दे. हात आखडू नको. आणि काय म्हणतात ते मले येऊन सांगजो."

ती म्हणे, "हाव बाबा."

लेकरू एवढंच म्हणालं, हाव बाबा.

त्या दिवसापासून संध्याकाळी माझा एकच धोशा. मीठ कसं होतं? तिखट जास्त झालं का? लाल चटणी आवडली की हिरवी? माया उभ्यानं सगळं सांगायची. अश्विनी म्हणे तिखट कमी पाहिजे. आसमा म्हणे हिरवी चटणी भारी. मी दुसऱ्या दिवशी तसा बदल करायचो. हळूहळू शाळा सुटल्यावर पोरी गाडीवर यायले लागल्या, मंग त्यांच्या पाठोपाठ पोरं. "काका, माया आणते तो बीटवाला बोंडा आहे का?" ज्ञानेश्वर काळी-पिवळीवाला माझा जुना दोस्त. तो एकदा म्हणे, "लेका दयाराम, तो पोरीचा डबा आहे का जाहिरात बे?" मी छाती फुगवून म्हटलं, "दोन्ही!" आणि आम्ही दोघंही हसलो.

एक गोष्ट खरी सांगतो, नुसत्या धंद्याचा मोह नव्हता. माझा बाप याच धाडच्या बाजारात पोती वाह्यचा. तहान लागली तं त्याले लोक वरून ओंजळीत पाणी टाकायचे. त्या बापाच्या पोराच्या हातचं आज साऱ्या वर्गातल्या पोरी, कोणत्या-कोणत्या घरच्या, एकाच डब्यातून बोटं चाटून खातात, हे मले मायाच्या तोंडून रोज ऐकायचं होतं. रोज ऐकूनही पोट भरत नव्हतं माझं. त्या नादात पोरीचं पोट भरलं का, हे इचारायचं राहून गेलं.

डबा रोज चाटूनपुसून साफ यायचा. मी तो जनकाच्या नाकासमोर धरायचो. "पाह्य! तुझ्या भाकरीचा कधी एवढा साफ झाला होता का?"

एकदा ती म्हणे, "डबा साफ होऊन राह्यला, मंग पोरगी काऊन वाळून राह्यली?"

"वाढीचं वय आहे वं ते. उंची वाढली की अंग उतरते."

दिवाळीनंतर पुन्हा रक्त तपासलं. मी मोठ्या तोऱ्यात गेलो होतो, डॉक्टरीणबाईसाठी चार कचोऱ्याही बांधून नेल्या होत्या. बाईनं कागद पाह्यला आणि चष्मा काढला. रक्त जुलैपेक्षाही कमी झालं होतं. "परीक्षा जवळ आली, आणि तुम्ही करता काय?" म्हणून ती माझ्यावर अशी बरसली की मी कचोरीची पुडी पाठीमागं लपवली.

मंग काय, माझा भडका उडाला. बाहेर येऊन म्हटलं मशीन खराब आहे. मंग म्हटलं गोळ्याच नकली असतीन. मंग जनकाची बारी आली. "दुपारी मी भरपूर देतो. रात्रीच तू पोरीले बरोबर वाढत नसशीन!" चोर सोडून संन्याशाले फाशी म्हणतात ते हेच. भर रस्त्यात बोललो मी. एरवी तिनं माझी सालपटं काढली असती. त्या दिवशी तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती पुढं चालू लागली.

घरी मायाले दरडावलं. "डबा कोणी हिसकून घेते का? नाव सांग फक्त, हेडमास्तरासमोर उभा करतो."

"कोणी नाही घेत बाबा."

"मंग जाते कुठं?"

ती दफ्तर आवरत बसली. मी ठरवलं, उद्या जाऊनच पाह्यतो, माझ्या पोरीचा घास कोण खाते ते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या टायमाले गाडी ज्ञानेश्वरच्या भरवशावर सोडली आणि शाळेत गेलो. चार शिव्या तयार ठेवूनच गेलो होतो. कडुनिंबाच्या बुंध्याआड उभा राह्यलो. समोर व्हरांड्यात पोरींचा घोळका, आणि मधात माझी माया उभी. बाकी सगळ्या बसलेल्या, ही एकटीच उभी. डब्याचे खण तिनं स्वतः सुटे केले आणि एकेकीपुढं धरत गेली. "घे ना, अजून एक घे. गरम असता तं अजून मजा आली असती. बाबाच्या गाडीवर संध्याकाळी गरमच भेटते." कोणी हिसकत नव्हतं. उलट एक पोरगी म्हणे, "माया, तू घे ना." ही हसून म्हणे, "मी घरी लय खाते हो! तू सांग, मीठ बरोबर आहे का?"

तो आवाज माझा होता हो. मी गाडीवर जसा बोलतो, तसाच्या तसा. तयार ठेवलेल्या शिव्या द्यायच्या कोणाले?

डबा संपला. तिनं खणावर खण चढवले, कडी लावली आणि शाळेच्या पाठीमागं निघाली. मी लपत-छपत गेलो. पाठीमागं पत्र्याचं शेड आहे, तिथं राबियाभाभी शाळेची खिचडी शिजवते. खिचडी आठवीपर्यंतच्या पोरांले. दहावीवाल्यांले नाही. लहान पोरांच्या पंगती उठल्या होत्या. राबियाभाभी मोठं पातेलं उलथन्यानं खरवडत होती आणि माझी माया तिथं उकिडवी बसून झाकणावर घेतलेली करपलेली खिचडी फुंकून-फुंकून खात होती. भराभरा खात होती. भुकेलं माणूस कसं खाते, हे मी रोज बसस्टँडवर पाह्यतो, मले ते कोणी सांगायची गरज नाही.

घंटा झाली. तिनं झाकण धुऊन ठेवलं, नळाले तोंड लावून पाणी प्यायली आणि पळाली. मंग मी पुढं झालो. राबियाभाभीनं मले ओळखलं.

"दयारामभाऊ? तुम्ही इकडं कसे?"

"माया रोज येते का इथं?"

"येते ना. खरवड राह्यली तं देते मी. कधी पोरं सगळं खाऊन टाकतात, मंग बिचारी पाणी पिऊन जाते. मोठ्या पोरींले द्यायचा नियम नाही भाऊ, पण भुक्या लेकराले नाही कसं म्हणू?" मंग तिनं आवाज बारीक केला. "बुरा नका मानू भाऊ, पण मले वाटलं घरी काही तंगी असन. सांगतलं असतं तं मी घरून दोन पोळ्या जास्तीच्या आणल्या असत्या."

माझ्या अंगाले तेव्हाही कचोरीच्या तेलाचा वास येत होता. साऱ्या धाडले खाऊ घालणारा मी, आणि माझ्या पोरीची दया राबियाभाभीले. मी हात जोडले. "तंगी नाही भाभी," एवढंच म्हटलं, आणि ते म्हणतानाच वाटलं की तंगी असती तं बरं, निदान माझा दोष तं नसता.

गाडीवर आलो. ज्ञानेश्वरनं इचारलं, सापडला का चोर? मी हाव म्हटलं आणि कढईखालचा गॅस पेटवला. दोनदा कचोऱ्या करपल्या. माझ्या आयुष्यात कचोरी करपत नाही.

शाळा सुटली. माया आली. रिकामा डबा गाडीच्या फळीवर ठेवला आणि मी काही इचारायच्या आधीच चालू झाली, "बाबा, आजच्या पालक-पुऱ्या लय चालल्या. आसमानं दोनदा घेतल्या. मीठ बरोबर होतं. फक्त लाडू थोडे—"

"तुले आवडल्या का?"

"अं?"

"पुऱ्या. तुले आवडल्या का?"

तिले प्रश्नच समजला नाही. इतक्या महिन्यांत मी हा प्रश्न तिले केलाच नव्हता, मंग समजन कसा? तिनं दफ्तराचा पट्टा ओढून खांद्यावर नीट केला.

"मी कशी खाईन बाबा?" ती म्हणे. "गाडीचा माल आहे ना तो. आधी गिऱ्हाईक, मंग घर. तुम्हीच तं सांगता."

सांगतो ना. माझ्या गाडीचा नेमच आहे तो. गिऱ्हाईक उभं असेपर्यंत घरच्यानं मालाले हात लावायचा नाही, उरलं तं रात्री घरी खायचं. ही एवढीशी होती, गाडीच्या फळीलेही पुरत नव्हती, तेव्हा भज्याच्या परातीत हात घालायची आणि मी तिच्या बोटांवर फटका मारायचो. आधी गिऱ्हाईक! रडायची, मंग शिकली. इतकी पक्की शिकली की मी तिचा डबा गाडीचा करून टाकला, त्या दिवसापासून तिनं त्यातला घास तोडला नाही.

"अवं, पण उरलं तं खायचं ना!" मी म्हटलं.

"उरतच नाही बाबा." आणि तिचं तोंड खुललं. खुशीत सांगत होती ती मले. "सगळ्यायले एवढं आवडते की उरतच नाही! आणि आपला धंदाही वाढला ना? त्या मोमोजवाल्याकडं आता कोणीच नाही जात."

काय बाप आहे मी! पोरगी खंगत गेली, आणि मी तिले मीठ इचारत बसलो. माफी मागायची होती. मले शिव्या देता येतात, माफी मागता येत नाही. मंग जे येते ते केलं. घाण्यातली पहिली कचोरी काढली, प्लेटीत फोडली, वरून दही टाकलं, चटणी टाकली, आणि तिच्या हातात दिली.

"खा. इथंच. माझ्यासमोर खा."

"आता?"

"आत्ता. आधी तू."

तिनं प्लेट घेतली. वाफ निघून राह्यली होती. तिनं वास घेतला, हे मी पाह्यलं. तेवढ्यात बुलढाण्याची फेरी मारून आलेला ज्ञानेश्वर गाडीपाशी येऊन टेकला आणि म्हणे, "दयाराम, एक कचोरी दे बे लवकर, दुपारपासून पोटात काही नाही."

माझं तोंड उघडायच्या आधी मायानं हातातली प्लेट त्याच्यासमोर ठेवली.

"घ्या काका. गरम आहे."

"माया, ती तुझी आहे," मी म्हटलं. जवळजवळ ओरडलोच.

ती हसली. "बाबा, गिऱ्हाईक उभं आहे ना."

ज्ञानेश्वरनं पहिला घास तोडला आणि मान डोलावली. मी घाईनं दुसरी कचोरी प्लेटीत फोडायले घेतली, पण तोवर त्याच्या जीपमधली माणसं उतरून गाडीभोवती जमली होती, आणि माया दफ्तर खाली ठेवून त्यांले पाण्याचे गिलास भरून देत होती.